बिनडिपिंगचा घड

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला, तेव्हा संपादकांनी वर एक अट घातली: प्रसंग हृदयस्पर्शी हवा. आता त्यांना काय सांगू? मी एकतीस वर्षं गंगापूर रोडवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. आमच्या विभागात हृदय सहसा येत नाही. अपेंडिक्स येतं, पित्ताशय येतं, गर्भाशय येतं आणि गाठी येतात. गाठींचं मात्र मी कितीही सांगू शकते, तेव्हा तेच सांगते.

आधी माझं काम काय ते समजून घ्या. घरच्यांनासुद्धा ते कधी नीट कळलं नाही. माझी सासू शेवटपर्यंत शेजारणींना सांगायची, "आमची सून रक्त काढती." एवढ्या वर्षांत मी एकाचंही रक्त काढलं नाही. पेशंटचे नातेवाईक मला 'सिस्टर' म्हणायचे, तेही मी नव्हते. पण प्रत्येकाला थांबवून खुलासा करत बसले असते तर काम कधी झालं असतं?

ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ बरणीत घालून आमच्याकडे येते. बरणीत फॉर्मालिन असतं. लोणच्याला जसं मीठ, तसं मांसाला फॉर्मालिन. गाठ त्यात वेळेत पडली पाहिजे, पुरेसं बुडली पाहिजे आणि नेमकी मुरली पाहिजे. कमी मुरली तर आतून बिघडते, फार दिवस राहिली तरी बिघडते. मग आमच्या मॅडम, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर, तिचे छोटे तुकडे कापतात, मी ते मेणाच्या ठोकळ्यात बसवते, आणि ठोकळ्याचे इतके पातळ काप काढते की फुंकर मारली तर काप गेलाच. तो काप काचेवर घ्यायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. निदान मॅडमचं. पण काप चांगला नसेल तर मॅडम काय बघणार, कपाळ? हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे आणि त्यांनी ते मान्य केलेलं आहे.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये मात्र कॅन्सर आहे एवढं सांगून भागत नाही. तो कशावर वाढतो, हेही सांगावं लागतं. बाईच्या अंगात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन अशी दोन हार्मोन्स असतात. काही गाठींच्या पेशींमध्ये ही हार्मोन्स धरून घेणाऱ्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. अशी गाठ हार्मोनच्या जिवावर पोसते. म्हणजे ते हार्मोन तिला मिळू दिलं नाही तर तिची उपासमार होते, आणि त्यासाठी एक साधी गोळी असते. रोज एक, पाच वर्षं, कधी त्याहून जास्त. तिसरी एक तपासणी असते, हर-टू नावाची. तिची औषधं वेगळी. तिन्ही नसतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. मग गोळीचा उपयोग नाही, मुख्य भिस्त केमोवर.

म्हणजे ध्यानात घ्या. रोजच्या जगात रिपोर्ट निगेटिव्ह आला की माणसं पेढे वाटतात. इथे इस्ट्रोजेन निगेटिव्ह आलं की हातातलं एक हत्यार कमी होतं. हा उलटा हिशेब मी शेकडो माणसांना समजावला असेल. एकाला नाही समजावला.

तेव्हा ही तपासणी आमच्या लॅबमध्ये नवी होती. मॅडम अजून आल्या नव्हत्या, दुसरे डॉक्टर होते. सुरगाण्याकडची एक बाई, यशोदा तिचं नाव, द्राक्षबागेच्या कामाला टोळीबरोबर निफाडकडे उतरलेली. तिथेच तिची गाठ काढली. नवऱ्याने ती माझ्यासमोर ठेवली ती सलाइनच्या कापलेल्या बाटलीत, पाण्यात. कधीपासून पाण्यात होती कोण जाणे. मी काही बोलले नाही, फॉर्मालिनमध्ये टाकली आणि नेहमीसारखं सगळं केलं. रिपोर्ट आला, तिन्ही निगेटिव्ह. न्यायला नवराच आला. त्याला वाचता येत नव्हतं, पण 'निगेटिव्ह' हा शब्द त्याला ऐकून माहीत होता.

"निगेटिव म्हणजे काहीच नाय ना, सिस्टर?"

माझ्यासमोर सहा माणसं उभी होती. मी म्हटलं, "हो हो. डॉक्टरांना दाखवा."

त्याने हात जोडले. खरंच जोडले. आणि जीप गाठायची म्हणून घाईने निघून गेला. त्याने डॉक्टरांना दाखवलं की नाही, मला माहीत नाही. ते 'हो हो' माझं आहे, दुसऱ्या कोणाचं नाही.

पुढे दोनेक वर्षांनी मॅडम आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शेजारी बसवून सूक्ष्मदर्शकातून एक काच दाखवली. या तपासणीत रिसेप्टर असला की पेशीच्या मधला ठिपका तपकिरी होतो, नसला की निळा राहतो. मी लगेच म्हटलं, "गाठ निळी आहे, निगेटिव्ह."

"गायकवाडबाई, गाठ नंतर. आधी शेजारच्या नळ्या बघा."

गाठीच्या कडेला बहुतेक वेळा थोडा निरोगी भाग असतो, त्यात दुधाच्या नळ्या असतात. निरोगी नळ्यांमध्येही हे रिसेप्टर थोडेफार असतातच. म्हणजे तपासणी नीट झाली असेल तर नळ्यांमध्ये काही ठिपके तपकिरी दिसलेच पाहिजेत. तेही निळेच असतील तर गाठ निगेटिव्ह नाही. तपासणी फसलेली आहे.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी जुन्या काचांचा ट्रे काढला आणि यशोदाची काच शोधली. गाठ निळी. नळ्याही निळ्या, एकही ठिपका तपकिरी नाही. मॅडमना दाखवली. त्या म्हणाल्या, यावरून काहीच सांगता येत नाही, ना हो ना नाही. ठोकळ्यातून पुन्हा करून पाहिलं, तेच. गाठच पाण्यात बिघडलेली, तिला आता काय विचारणार? रजिस्टरमधला फोन नंबर टोळीच्या मुकादमाचा होता, तो बंद. हॉस्पिटलकडे दुसरा नंबर नव्हता. डबा मी तसाच घरी आणला.

तेव्हापासून मी नळ्या बघितल्याशिवाय काच पुढे पाठवली नाही. मला त्याचा गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही. नवीन पोरींना मी पहिलं वाक्य तेच शिकवायचे. एक म्हणायची, "बाई, तुम्ही स्वप्नातपण नळ्या बघत असाल." बघायचे.

आता मुख्य गोष्ट. निफाडजवळच्या गावचे भाऊसाहेब म्हणून द्राक्षबागायतदार. त्यांची बायको सिंधूबाई, पन्नाशीच्या आतबाहेर. तिच्या स्तनातली गाठ तिकडच्याच एका हॉस्पिटलात शनिवारी संध्याकाळी काढली. तिथल्यांनी दोन बरण्या भाऊसाहेबांच्या हातात दिल्या: मोठीत गाठ, लहानीत बगलेतल्या गाठी, म्हणजे सगळ्यांच्याच बगलेत असतात त्या ग्रंथी; स्तनातला कॅन्सर पसरला तर बहुधा आधी तिथे पोचतो. आपल्याकडे हे असंच चालतं, बरणी नातेवाइकानेच लॅबला पोचवायची. रविवारी आम्ही बंद. सोमवारी सकाळी भाऊसाहेब दोन्ही बरण्या घेऊन हजर.

इथे माझी चूक सांगते. बरणी घेताना झाकण उघडून वास घ्यायचा हा माझा नेम होता. फॉर्मालिन नाकाला झोंबतं, डोळ्यांत पाणी आणतं, ते नसेल तर मला लगेच कळायचं. "बाईंचं नाक म्हणजे मशीन आहे," असं सगळे म्हणायचे आणि मला ते आवडायचं. पण ते थंडीचे दिवस होते, मला सणकून सर्दी झाली होती. मी झाकण उघडलं, वास घेतला, काही आला नाही. सर्दी आहे म्हणून येत नाही, असं मी ठरवून टाकलं.

दुसरी खूण मिळाली होती. काप काढताना मोठ्या बरणीतला ठोकळा सुरीखाली कडक लागत होता. मी सुरीला दोष दिला, पातं बदललं आणि पुढे गेले.

शुक्रवारी रिसेप्टरच्या काचा तयार झाल्या. प्रत्येक खेपेला आम्ही सोबत एक आधीच माहीत असलेला तुकडा रंगवतो, कंट्रोल म्हणून. तो छान तपकिरी आला होता. म्हणजे आमचे रंग बरोबर, आमची पद्धत बरोबर. सिंधूबाईंची गाठ पूर्ण निळी. मी नळ्यांकडे सरकले. निळ्या.

मी मॅडमकडे गेले. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "बरणी कोणी घेतली?"

"मी."

"वास?"

"सर्दी होती."

मॅडम ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "सर्जनचा दोनदा फोन आलाय. पुढची ट्रीटमेंट आज ठरवायचीय. मी निगेटिव्ह लिहिलं तर या बाईला गोळी मिळणार नाही. बरणीत काय होतं ते मला कळायला हवं."

भाऊसाहेब बाहेर बाकावर बसलेच होते, रिपोर्टसाठी. धोतर नाही हो, जीन्स, वर स्वेटर, हाताला बागकामाचे जांभळट डाग. मी सरळ विचारलं, "दादा, येताना बरणीतलं काही सांडलं का?"

"नाय."

"नक्की?"

"नाय सांडलं, मॅडम."

नाही म्हणणारा माणूस मला ओळखता येतो. हे 'नाही' आठवडाभर पाठ केलेलं होतं. पण दटावून उपयोग नसतो, माणूस आणखी मिटतो. मी त्यांच्या शेजारी बसले आणि तपासणी काय असते ते सांगू लागले. हार्मोन, रिसेप्टर, कुलूप, किल्ली, आम्ही सगळेच सांगतो तसं. त्यांनी मधेच हात वर केला.

"म्हणजे जीएसारखं."

निफाडकडच्या माणसाला जीए सांगावं लागत नाही, तुमच्यासाठी सांगते. द्राक्षाचा मणी मोठा व्हावा म्हणून जीए नावाच्या संजीवकाचं द्रावण करतात आणि मग्यात घेऊन एकेक घड त्यात बुडवतात. त्याला डिपिंग म्हणतात. तेही हार्मोनच, झाडाचं.

"बरोबर," मी म्हटलं. "घडाला जीए मिळालं की मणी फुगतो. या गाठीला बाईचं हार्मोन मिळालं की ती फुगते."

"आन गोळी म्हणजे डिपिंग बंद."

एवढ्या वर्षांत मला हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं. मी म्हटलं, "हो. पण गाठ ते हार्मोन घेते का नाही, हे आधी कळलं पाहिजे. तपासणीत दिसतंय की घेत नाही."

"मग नसंल घेत."

"पण दादा, तिच्या शेजारच्या चांगल्या नळ्या आहेत ना, त्या नेहमी घेतात. त्यासुद्धा घेताना दिसत नाहीत."

 ते बागेत उभं राहून बोलावं तसं स्वतःशीच बोलले, "एक घड नाय फुगला तर घडाचा दोष. शेजारचे बी नाय फुगले, तर मग द्रावणाचा दोष."

 ते हाताच्या डागांकडे बघत होते.

"सांडलं होतं," ते म्हणाले. "मोठी बरणी. शनिवारी घरी नेताना पिकअपमधी आडवी झाली. झाकण ढिलं होतं. सगळं गेलं, थेंब नाय राहिला."

"मग काय घातलंत? पाणी?"

"पाण्यात मास कुजतं, तेवढं कळतं मला." त्यांना जरा रागच आला. "जीएची पावडर पाण्यात इरघळत नाय, आधी स्पिरिटात इरघळवावी लागती. स्पिरिटचा क्यान गाडीतच होता. ते भरलं, काठोकाठ. स्पिरिटात काय बी नासत नाय, मॅडम."

 माणसाने विचार केला होता. पाण्यात ठेवणाऱ्यापेक्षा शहाणा विचार केला होता. स्पिरिटात मांस कुजत नाही हे खरंच आहे. फक्त आमची तपासणी त्यात बसत नाही, गाठ कडक होते आणि रिसेप्टर आहेत की नाहीत याचा भरवसा राहत नाही. हे त्यांना कोण सांगणार होतं?

पण हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा मी ओरडले. "सोमवारी माझ्या हातात बरणी दिलीत तेव्हा तोंड शिवलं होतं का? आठवडा गेला!" असं बरंच काही. बाकावरची माणसं बघायला लागली. भाऊसाहेब खाली मान घालून म्हणाले, "तुम्ही बरणी परत दिली असती तर? तिला पुन्हा कापलं असतं. म्हून नाय बोललो."

 माझ्या बंद नाकाबद्दल मी त्यांना सांगितलं नव्हतं. मग सांगितलं. एक माणूस कबूल झाला असताना दुसऱ्याने साव बनून उभं राहणं बरं नव्हे.

"आणि लहान बरणी?" मी विचारलं.

"ती नाय सांडली. ती पुढं शिटावर होती, बायकोच्या बहिणीच्या मांडीवर. तिला हात नाय लावला."

मी उठले ती जवळजवळ पळतच मॅडमकडे गेले. लहान बरणीत बगलेतल्या गाठी होत्या. त्यांतल्या एकीत कॅन्सर पोचलेला होता, हे मॅडमनी आधीच पाहिलं होतं आणि आम्हाला वाईट वाटलं होतं. पण पोचलेला कॅन्सर म्हणजे त्याच गाठीचा तुकडा, आणि तो तुकडा फॉर्मालिनमध्ये व्यवस्थित मुरलेला होता. वाईट बातमीच्या पोटात चांगला नमुना निघाला.

मॅडमनी सर्जनना फोन करून सांगितलं, "रिपोर्ट थांबवलाय. दोन दिवस द्या." पलीकडून काय उत्तर आलं ते चेहऱ्यावरून कळलं, पण मॅडम ठाम होत्या.

शनिवारी मी काप स्वतः काढले, नवीन पोरींच्या हातात दिले नाहीत. काचा कुकरमध्ये शिजवल्या. हसू नका, या तपासणीत काचा खरंच प्रेशर कुकरमध्ये शिजवतात. रिसेप्टर झाकले गेलेले असतात, ते उघडे व्हायला वाफ लागते. नवरा म्हणायचा, "घरी कुकर, तिथेही कुकर, मग तुला पगार कशाचा देतात?" शिट्ट्या मी मोजल्या, रंग मी चढवले, धुतले, आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

तपकिरी. कडेपासून कडेपर्यंत. एखाद-दुसरा ठिपका सोडला तर सगळ्या पेशी. मला रडू आलं. सर्दी अजून होतीच, त्यामुळे ते खपून गेलं.

मॅडमनी दोन्ही गोष्टी रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिल्या: मोठ्या नमुन्यावर भरवसा का ठेवता येत नाही आणि लहान नमुन्यात काय दिसलं. इस्ट्रोजेन पॉझिटिव्ह, प्रोजेस्टेरॉन पॉझिटिव्ह. सिंधूबाईंना गोळी सुरू झाली. केमोही घ्यावी लागली, ते चुकलं नाही. सोमवारी रिपोर्ट घेऊन जाताना भाऊसाहेबांनी विचारलं, "पॉझिटिव म्हणजे वाईट का?" या वेळी माझ्यासमोर नऊ माणसं होती. मी सगळ्यांना थांबवलं आणि त्यांना पहिल्यापासून समजावलं.

तेव्हापासून दर हंगामात त्यांच्याकडून द्राक्षांची पेटी येते. मण्यांचा आकार बघावा असा. पण वर एक घड वेगळा असतो, बारीक मण्यांचा, हिरमुसलेला. पहिल्या वर्षी मला वाटलं चुकून आलाय. चिठ्ठी होती: "हा डिपिंग न केलेला. दर वर्षी एक ओळ सोडतो, फरक बघायला. तुमचं जसं कंट्रोल, तसं आमचं."

मी निवृत्त झाले तरी पेटी घरी येते. या वर्षी मात्र ती घेऊन स्वतः सिंधूबाई आल्या. केस परत आलेले, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वीपेक्षा कुरळे. पाच वर्षांची गोळी संपली होती. डॉक्टरांनी तपासून आता बंद करा म्हटलं होतं. शेवटचं रिकामं पाकीट त्यांनी पर्समधून काढून मला दाखवलं आणि परत ठेवलं. चहा झाला. मी त्यांच्या बागेची चौकशी केली. त्या म्हणाल्या, "डिपिंगला सुरगाण्याची टोळी येती दर साली. बाया लय कामाच्या हायेत."

मी कप खाली ठेवला. यशोदाचं नाव मी मॅडमखेरीज कोणापाशी काढलं नव्हतं, नवऱ्यापाशीसुद्धा नाही. सिंधूबाईंना सगळं सांगितलं, सलाइनची बाटली, ते जोडलेले हात आणि माझं 'हो हो'.

 सगळं ऐकून त्यांनी पदराला गाठ मारली. "यशोदा ना? टोळी उतरली की इचारते. गाव बारीक हायेत तिकडं, कुणाला तरी ठावं असंल. सापडली तर काय सांगू?"

हे उत्तर माझ्याकडे कित्येक वर्षं तयार होतं. "ती असेल तर तिला, नसेल तर तिच्या नवऱ्याला. सांगा की निगेटिव्ह म्हणजे काहीच नाही असं मी म्हणाले होते, ते चुकीचं होतं. आणि तपासणीच नीट झाली नव्हती. हे त्याला कळायला पाहिजे होतं, मी सांगितलं नाही."

"आन नाय सापडली तर?"

"तर टोळीतल्या बायांना सांगा. छातीत गाठ लागली तर लपवू नका. ऑपरेशन झालं तर बरणी सांभाळून आणा. सांडली तर सांडली म्हणून सांगा, कोणी ओरडणार नाही."

सिंधूबाई माझ्याकडे बघून हसल्या. "आमच्या मालकांवर तर तुम्ही लॅबभर ओरडला व्हता."

"ओरडले होते," मी म्हटलं. "म्हणून तर सांगतेय."